वरणाचे पाणी नको, कढण द्या

घरात कोणी आजारी पडले की स्वयंपाकघरात वरणाच्या पातेल्यातले वरचे पाणी वेगळे काढले जाते. "डाळ जड पडेल, नुसते पाणी द्या," असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात मीठ आणि जिरेपूड घालून वाटीभर पाणी रोग्याच्या पोटात गेले की घरच्यांना हायसे वाटते. तापाच्या पहिल्या एकदोन दिवसांत, तोंडाला चव नसताना, असे पातळ पेय देणे योग्यच आहे. (जुलाब-उलट्या होत असतील तर मात्र जलसंजीवनीच द्यावी.) परंतु ताप उतरून आठवडा झाला, शस्त्रक्रियेचे टाके निघाले, तरी वाटीत तेच पाणी असते. मग माझ्या दवाखान्यात ठरलेली तक्रार येते, "रोज दोन वेळा सूप देतो, तरी अशक्तपणा काही जात नाही. एखादे टॉनिक लिहून द्या."

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो. सूप गाळून देता की घोटून? दहातल्या आठ घरांचे उत्तर 'गाळून' असेच असते. अशक्तपणाचे अर्धे कारण त्या गाळणीतच सापडते.

पाण्याचा आणि डाळीचा हिशोब

डाळ शिजताना तिच्यातले काही क्षार, थोडी जीवनसत्त्वे आणि चव पाण्यात उतरते. प्रथिने मात्र बहुतांशी डाळीच्या दाण्यातच राहतात. झीज भरून काढायला, जखम भरायला, आजारात उतरलेले स्नायू पुन्हा बांधायला लागतात ती प्रथिनेच. म्हणजे गाळणीत राहिलेला गाळ घरातले बाकीचे लोक आमटीत खातात आणि ज्याला त्याची खरी गरज आहे तो पाणी पितो!

थोडी आकडेमोड करून पाहू. १०० ग्रॅम मुगाच्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ३० ग्रॅम, साधारण मूठभर डाळीत ७ ग्रॅम झाली. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीत म्हटले आहे. ५० किलो वजनाच्या व्यक्तीला ती रोज ४० ते ४२ ग्रॅम हवीत. आजारातून उठलेल्या माणसाची गरज याहून अधिकच असते. मूठभर डाळीचे घट्ट कढण दिवसातून दोनदा दिले तर निरोगी माणसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्शाएवढी भर त्यातूनच पडते. एवढ्या कामासाठी बाजारातला प्रथिनांच्या पावडरीचा महाग डबा आणायची गरज बहुतेक घरांत पडत नाही.

सूप आपल्याला नवे नाही

'सूप' म्हटले की हॉटेलातले लाल टोमॅटोचे पेय डोळ्यांसमोर येते. त्याचा दाटपणा पुष्कळदा मक्याच्या पिठाचा असतो आणि तोंडाची चव लोणी-साखरेची. भूक चाळवायला ते ठीक, पण त्यावर प्रकृती सुधारत नाही. आपल्याकडे मुगाचे कढण, कडधान्याच्या पाण्याचे कळण, हुलग्याचे माडगे, शेवग्याच्या शेंगांची आमटी, नाचणीची आंबील ही सारी सुपेच आहेत. आयुर्वेदात पंचकर्मानंतरचा आहार सांगताना मंड, पेया, विलेपी असा क्रम दिला आहे आणि त्यापुढे यूष, म्हणजे कढण येते. मंड म्हणजे भाताची निवळ. ती पहिली पायरी आहे. पहिल्या पायरीवरच मुक्काम करा, असे कोणी सांगितलेले नाही. पोट जसे साथ देईल तसे पातळाकडून घट्टाकडे जायचे असते.

चार कृती

मुगाचे कढण : अर्धी वाटी (सुमारे ६० ग्रॅम) हिरवे मूग रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या. चार-पाच वाट्या ताजे पाणी, दुधीच्या चार फोडी आणि आल्याचा तुकडा घालून कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या होऊ द्या. निवल्यावर रवीने चांगले घोटा. चमचाभर तुपात जिरे आणि हिंगाची फोडणी करून त्यात घाला. मीठ आणि चिमूटभर मिरपूड घालून एक उकळी आणा. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. हे दोघांना पुरते. मुगाची साले आजाऱ्याला सोसत नसतील तर पहिले काही दिवस सालीशिवायची डाळ घ्यावी, पण घोटलेले कढण गाळू नये.

मसूर आणि भाज्यांचे सूप : अर्धी वाटी मसूरडाळ, एक गाजर, लाल भोपळ्याची फोड, एक टोमॅटो, अर्धा कांदा आणि दोन लसूण पाकळ्या एकत्र शिजवा. मिक्सर असेल तर त्यातून काढा, नसेल तर रवी पुरते. डाळ आणि भोपळा यांनीच ते छान दाट होते, पीठ लावावे लागत नाही. उकळी येताना मूठभर शेवग्याचा कोवळा पाला चिरून घाला. परसातल्या झाडाचा हा पाला आपण बकरीला घालतो. त्यात कॅल्शियम, लोह आणि शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य भरपूर आहे.

हुलग्याचे माडगे : घाटावर ज्याला हुलगे म्हणतात तेच कोकणातले कुळीथ. हुलगे खरपूस भाजून त्यांचे पीठ करून ठेवा. दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा आणि दीड-दोन वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत सोडा. सात-आठ मिनिटे चांगले शिजू द्या. कोणी गूळ आणि सुंठ घालून गोड करतात, कोणी लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन तिखट करतात. थंडीच्या दिवसांत शेतावरून आलेल्या माणसालाही हे उत्तम.

नाचणीची आंबील : दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ वाटीभर पाण्यात रात्री कालवून ठेवा. सकाळी आणखी वाटीभर पाणी घालून मंद आंचेवर आठ-दहा मिनिटे शिजवा. कोमट झाल्यावर वाटीभर ताजे ताक, मीठ आणि जिरेपूड घाला. गरम असताना ताक घातले तर ते फुटते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. इतर कोणत्याही नेहमीच्या धान्यात एवढे नसते.

सूप पोटभरीचे कसे होईल?

पहिली गोष्ट, डाळीला धान्याची जोड द्या. डाळीत जे प्रथिनघटक कमी असतात ते धान्यात असतात आणि धान्यातली उणीव डाळ भरून काढते. म्हणून कढणात मऊ भात कालवा किंवा ज्वारीची भाकरी कुस्करा. नुसती वाटीभर कढण म्हणजे जेवण नव्हे.

दुसरी, खाणे कमी असलेल्या माणसाच्या वाटीत चमचाभर तूप किंवा दाण्याचे कूट घाला. एक चमचा तुपाने सुमारे ४५ कॅलरी वाढतात आणि वाटीचा आकार तेवढाच राहतो. दोन घासांत ज्याचे पोट भरते त्याला याचा फार उपयोग होतो.

तिसरी, लिंबू विसरू नका. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे डाळी आणि पालेभाज्यांमधले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर नेमके उलट होते. चहा तासभर लांबवावा.

चौथी, डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नये. त्याने 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते. तसेच डाळी-भाज्यांत 'ब-१२' जीवनसत्त्व नसते. शाकाहारी माणसाने दूध, दही, ताक यांपैकी काहीतरी रोज घ्यावेच.

कडधान्याने पोटात वायू धरतो, ही तक्रार खरी आहे. भिजवलेले पाणी टाकून देणे, पुरते शिजवणे, हिंग-आले घालणे आणि अर्ध्या वाटीने सुरुवात करणे, एवढे केले तर बहुतेकांना ते आठवडाभरात सोसू लागते.

यांनी मात्र जपावे

मूत्रपिंडाच्या विकारात डाळी, टोमॅटो आणि भाज्यांचे पाणी यांवर बंधने असू शकतात. अशा रोग्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाकडे लक्ष द्यावे. दिवसभराचे सारे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढेच असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तयार पाकिटातल्या सुपात मीठ बरेच असते. पाकिटामागे 'सोडियम' या शब्दापुढचा आकडा वाचायची सवय लावावी. मधुमेह असलेल्यांनी मक्याचे पीठ, बटाटा आणि गूळ टाळून डाळीनेच सूप दाट करावे व भात-भाकरीचा हिशोब त्यात धरावा.

पक्षाघातानंतर काही रोग्यांना पाणी पिताना ठसका लागतो. पातळ पदार्थ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. अशा माणसाला 'पातळच बरे' म्हणून वरणाचे पाणी पाजणे धोक्याचे आहे. ठसका लागत असेल तर तोंडाने काहीही देण्याआधी डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. किती दाट द्यायचे हे त्यानंतर ठरते. जे काही द्यायचे ते रोग्याला बसवून, छोट्या चमच्याने द्यावे. आडवे झोपवून कधीही पाजू नये.

तान्ह्या मुलांविषयीही हेच. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू करायचे, त्या वेळी पुष्कळ घरांत डाळीचे पाणी बाटलीने दिले जाते. बाळाचे पोट वाटीएवढे. ते पाण्यानेच भरले तर बाळ वाढणार कशावर? घोटलेली डाळ आणि भात इतपत घट्ट असावा की चमचा तिरका केला तरी ओघळून जाऊ नये. हीच साधी परीक्षा लक्षात ठेवावी. त्यात चमचाभर तूप घालावे. बाटली नको, वाटी-चमचाच बरा.

सूप उरले तर उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये. शीतकपाटात ठेवले तरी दुसऱ्या दिवशी संपवावे आणि देण्यापूर्वी खळखळून उकळावे. शीतकपाट नसेल तर लागेल तेवढेच करावे.

पुढच्या वेळी घरात कोणी अंथरुणातून उठत असेल तेव्हा गाळणी खुंटीलाच राहू द्या आणि रवी हातात घ्या. महिनाभर असे दोन वेळचे घट्ट कढण देऊन, सुरुवातीचे आणि शेवटचे वजन वहीत लिहून ठेवा. वजन वाढत नसेल किंवा उतरतच असेल, तर तो केवळ आहाराचा प्रश्न नाही असे समजून तपासणीला यावे. मग टॉनिकाचे काय ते पाहू.