छातीच्या हाडामागची गाठ

सकाळी बाई ठणठणीत असते. संध्याकाळ झाली की पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावताना जबडा थकतो. आपल्या बेंबळीत याला अशक्तपणा म्हणून टॉनिकची बाटली आणतात! पण हा मायस्थेनिया असू शकतो. अशा दहातल्या एखादीच्या छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथीची गाठ निघते.

१९३६ मध्ये अमेरिकेत डॉ. ब्लॅलॉक यांनी एका तरुणीची अशी गाठ काढली आणि तिच्या स्नायूंत जोर आला.

गाठ हृदयाच्या आवरणात, फुप्फुसात किंवा मोठ्या शिरेत घुसली, की घरचे हात टेकतात. तसं करू नका. बहुतेकदा आधी केमो देऊन ती आक्रसवतात, मग छातीचं हाड मधोमध उघडून काढतात. आवरणाचा तुकडा, फुप्फुसाचा भागही सोबत काढावा लागतो. शिरेच्या जागी कृत्रिम नळी बसवता येते. गाठ पूर्ण निघाली का, यावरच पुढचं बरंचसं ठरतं. नंतर गरजेप्रमाणे शेक.

मायस्थेनिया आहे हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, ऑपरेशननंतर श्वास अडू शकतो.

आपल्याला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळचं, पुढे परळचं टाटा. महात्मा फुले योजनेत खर्च बसतो का, ते आधी विचारा. रेशनकार्ड, आधार आणि सीटी स्कॅनच्या फिल्म सोबत ठेवा. ही गाठ दहा वर्षांनीही उलटते, तेव्हा त्या फिल्म माळ्यावर टाकू नका.