ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरसाठी अधिक सक्षम क्लचची निवड : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

ऊसतोड कामगारांचा जिल्हा ही बीडची ओळख सर्वपरिचित आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. अनेक टोळ्यांसोबत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो. मुकादमाने दिलेली उचल, बँकेचा हप्ता आणि टोळीची मजुरी हे सारे त्याच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. ऐन हंगामात क्लच प्लेट जळाली तर ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात. तोवर तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो आणि टोळी बसून राहते. अशा वेळी "यापेक्षा भारी क्लच टाका" हा सल्ला हमखास मिळतो. भारी म्हणजे नेमके काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

क्लचची टॉर्कक्षमता :

क्लचला इंजिनची अश्वशक्ती नव्हे, तर टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, पेलावा लागतो. ५० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २१०० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देत असेल, तर त्या वेळी टॉर्क सुमारे १७० न्यूटन-मीटर असतो. भाराखाली फेऱ्या कमी झाल्यावर तो वाढतो. येथे तो कमाल २१० मानू. दुसऱ्या बाजूला क्लचची क्षमता म्हणजे घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घर्षण करणाऱ्या पृष्ठांची संख्या यांचा गुणाकार होय. घर्षणांक ०.३, दाब ५००० न्यूटन, त्रिज्या ०.११ मीटर व पृष्ठे २ घेतल्यास ही क्षमता ३३० न्यूटन-मीटर येते. २१० च्या तुलनेत ती दीडपटीहून अधिक आहे.

मग क्लच घसरतो का? प्लेट अति तापली की घर्षणांक उतरतो. तो ०.२ झाला तर क्षमता २२० वर येते. तरीही ट्रॅक्टर कसाबसा चालतो. परंतु डिझेल पंपाचे सेटिंग वाढवून टॉर्क २५० पर्यंत नेला असेल, तर क्लच घसरणारच. घसरल्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने घसरण वाढते. टर्बोचार्जर बसवलेल्या मोटारीचे इंजिन ट्यून करणाऱ्या हौशी चालकांपुढेही हाच प्रश्न येतो, कारण टर्बोमुळे कमी फेऱ्यांवरच टॉर्क झपाट्याने चढतो.

उष्णतेचा प्रश्न :

मोटारीत आणि उसाच्या ट्रॅक्टरमध्ये एक मूलभूत फरक आहे. मोटारीचे वजन दीड टनाच्या आसपास असते. भरल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरचे वजन आपण २० टन धरू. इंजिनच्या फेऱ्या स्थिर ठेवून क्लच सोडल्यास, वाहनाला जितकी गतिज ऊर्जा मिळते, किमान तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतारूपाने खर्ची पडते. ताशी ३ किलोमीटर वेगाच्या गिअरमध्ये उठाव घेतला तर ती सुमारे ७ हजार ज्यूल असते. ताशी ९ किलोमीटरच्या गिअरमध्ये सुमारे ६३ हजार, म्हणजे नऊपट! ओल्या फडातून निघताना किंवा धारूर घाटाच्या चढावर थांबून पुन्हा निघताना त्यात रस्त्याच्या व चढाच्या विरोधाची भर पडते. पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय हे तिसरे कारण. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या ट्रॅक्टरची प्लेट एका हंगामात दोनदा जळाली, ती प्लेट हलकी होती म्हणून नव्हे, तर वरच्या गिअरमध्ये उठाव घेतल्यामुळे.

पर्यायांची तुलना :

दाब वाढवल्यास क्षमता वाढते, परंतु पेडल जड होते, रिलीज बेअरिंग लवकर झिजते आणि चालक थकून अर्ध्या क्लचवर गाडी हाकू लागतो. त्रिज्या वाढवण्यास फ्लायव्हीलच्या घरात जागाच नसते. सेरामेटॅलिक प्लेट, म्हणजे धातू व सिरॅमिकच्या मिश्रणाचे पॅड असलेली प्लेट, जास्त उष्णता सोसते व तिचा घर्षणांकही सहसा अधिक असतो. उसाच्या कामाला हाच पर्याय आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. मात्र ती झटक्याने पकडते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग अधिक झिजवते. शिवाय क्लच घसरतो तेव्हा एक प्रकारे तो गिअरबॉक्सचे रक्षणच करत असतो; अति सक्षम क्लच बसवल्यास तोच झटका गिअरच्या दातांवर व मागील एक्सलवर जातो. ती दुरुस्ती क्लचपेक्षा कितीतरी महाग पडते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. ट्रॅक्टरमधील 'डबल क्लच' दुप्पट ताकदीचा असतो, असे अनेकजण समजतात. वास्तविक त्यातील एक प्लेट चाकांसाठी व दुसरी पीटीओसाठी असते. ट्रॉली ओढताना पहिलीच कामी येते. शर्यतीच्या मोटारींतील दोन प्लेटांचा क्लच वेगळा. त्यात दोन्ही प्लेटा मिळून चाकांनाच टॉर्क देतात, म्हणून पृष्ठे २ ऐवजी ४ होतात.

बदलताना घ्यावयाची दक्षता :

ट्रॅक्टर उघडल्यावर प्रथम ऑइल सील पाहावे. प्लेटवर तेल आले असेल तर कोणताही भारी क्लच घसरेल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे असल्यास तो घासून घ्यावा अथवा बदलावा. प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलणे किफायतशीर ठरते. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने आतील धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नवी प्लेट नीट बसेपर्यंत काही दिवस हलक्या भारावर चालवावी लागते. हंगामात तेवढी सवड कोणालाच नसते, त्यामुळे हे काम गणेशोत्सवाच्या सुमारास, टोळी निघण्यापूर्वी उरकलेले बरे.