पंख्याची घरघर आणि यंत्राचा ताप

घरात लॅपटॉप आला की त्याच्यामागोमाग त्याच्या तक्रारीही येतात. त्यांपैकी एक तक्रार आमच्या कानी वारंवार पडते. यंत्रावर काही मोठे काम चाललेले नसते. कोणी पत्र लिहीत असतो, कोणी वर्तमानपत्र चाळीत असतो, कोणी परदेशी असलेल्या नातवाशी बोलत असतो. आणि तरीही यंत्राच्या पोटातील पंखा एकाएकी घोंघावू लागतो, मिनिटभर गर्जतो, निवतो, आणि पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. हा काय रोग आहे, आणि यावर औषध कोणते, असा प्रश्न घरोघर विचारला जातो.

लोंढ्यासारख्या गावी या प्रश्नाला थोडी अधिक धार येते. खानापूर तालुक्यातील हे रेल्वेचे जंक्शन. बेळगाव, हुबळी आणि गोवा या तिन्ही वाटा येथे मिळतात. परंतु लॅपटॉप उघडून पाहणारा जाणता कारागीर हवा, तर बहुधा बेळगावची गाडी पकडावी लागते आणि त्यात दिवस मोडतो. एवढे करून कोणी ‘मुख्य पट्टीच बदलावी लागेल’ असे सांगितले, तर नवे यंत्र घ्यावे की जुने दुरुस्त करावे, या विचाराने घरातील माणसे हैराण होतात. शिवाय ऐकू कमी येणाऱ्या आजीला पडद्यावरील नातवाचा आवाज पंख्याच्या घरघरीतून ओळखावा लागतो, हे दुःख वेगळेच. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटले.

काम खरोखर हलके असते काय?

आपण ज्याला हलके काम म्हणतो ते आपल्या दृष्टीने हलके असते. यंत्राच्या दृष्टीने ते तसे असतेच असे नाही. पत्र लिहिणे हे खरोखर हलके. परंतु वर्तमानपत्राचे एक पान उघडले की त्यासोबत जाहिराती, हलती चित्रे आणि लहानमोठ्या आज्ञावल्यांची रांगच धावत येते. पडद्यावरून बोलणे तर मुळीच हलके नव्हे. आपले चित्र टिपायचे, ते आवळून पाठवायचे, पलीकडचे चित्र उलगडून दाखवायचे, आणि हे सर्व क्षणाचाही खंड न पडू देता करायचे, असे ते अखंड काम आहे.

याशिवाय यंत्राच्या मेंदूची, म्हणजे प्रोसेसरची, एक खोड आहे. ती समजण्यास लोंढ्याच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. येथून कॅसलरॉकमार्गे गोव्याकडे उतरणारा ब्रागांझा घाट सर्वांच्या परिचयाचा आहे. या घाटातील चढ 37 फुटांस 1 फूट इतका तीव्र. कुळ्याहून वर येणाऱ्या जड गाडीला म्हणूनच मागून जादा इंजिने लावतात. त्यांना रेल्वेची माणसे बँकर म्हणतात. चढ संपला की बँकरचे काम संपले. आता कल्पना करा, की सपाटीवर एक रिकामा डबा ढकलायचा असतानाही कोणी हे बँकर जोडले, तर काय होईल? डबा झटकन हलेल खरा. पण इंधन जळेल आणि उष्णताही तेवढीच निघेल.

प्रोसेसर नेमके हेच करतो. सन 2008 च्या अखेरीस इंटेल कंपनीने आपल्या नव्या प्रोसेसरांत ‘टर्बो बूस्ट’ नावाची सोय आणली, आणि पुढे तशी सोय सर्रास सर्वत्र रूढ झाली. काम आले की प्रोसेसर काही काळ आपला नेहमीचा वेग सोडून कितीतरी पुढे धावतो. एरवी 15 वॅट वीज खाणारा म्हणून जो विकला जातो, तो अशा वेळी त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज खाऊ शकतो. पान लवकर उघडावे, यंत्र चपळ वाटावे, हा त्यामागील हेतू. परंतु एवढी उष्णता नखाएवढ्या जागेत निर्माण होते. एक-दोन सेकंदांत तेथील तापमान 45 अंश सेल्सियसवरून 75-80 अंशांवर चढते. पंख्याची आज्ञा या तापमानाकडे पाहूनच सुटत असल्यामुळे तो ओरडतो. काम तोपर्यंत संपलेलेही असते.

उष्णता बाहेर कशी जाते

लॅपटॉपचा पंखा काही प्रोसेसरवर थेट वारा घालीत नाही. प्रोसेसरला लागून तांब्याची एक चपटी नळी असते. तिच्यात अगदी थोडे पाणी घालून हवा काढून घेतलेली असते. तापलेल्या टोकाला त्या पाण्याची वाफ होते. ही वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन निवते, तिचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून ते माघारी येते. दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो. पंखा वारा घालतो तो या पात्यांवर. अमेरिकेत 1963 साली लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी प्रत्यक्षात आणली; तत्पूर्वी 1940 च्या दशकात रिचर्ड गॉगलर यांनी तिच्या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

हे तत्त्व आपल्याला अनोळखी नाही. खानापूरची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. उन्हाळ्यात माठातील पाणी गार का होते? माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतील उष्णता घेऊन जाते. लॅपटॉपच्या नळीतही पाणी वाफ होऊनच उष्णता वाहून नेते. फरक इतकाच, की तेथील वाफ बाहेर न जाता आतल्या आत फिरते. म्हणून लोंढ्याच्या आषाढ-श्रावणातील दमट हवेत माठ गार होत नाही, पण ही नळी आपले काम चोख करते. पावसाळ्याचा उपद्रव होतो तो दुसऱ्या मार्गाने. पात्यांमध्ये अडकलेली धूळ, कापडाचा भुसा आणि स्वयंपाकघरातून आलेला फोडणीचा तेलकट धूर, हे सर्व ओलाव्याने घट्ट बसते व त्याचा नमदा तयार होतो. मग पंखा कितीही फिरला तरी वारा पलीकडे जात नाही.

प्रथम चौकशी, मग औषध

वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तशी आधी यंत्राची नाडी पाहावी. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘सीपीयू’ या शब्दावर टिचकी मारली की जो कार्यक्रम सर्वांत अधिक राबत आहे त्याचे नाव वर येते. ॲपलच्या यंत्रावर हेच काम ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ करतो. आपण काहीही करीत नसताना हा आकडा दोन-चार टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल तर यंत्र खरोखर विश्रांतीत आहे. तो वीस-तीस टक्क्यांवर अडून बसला असेल, तर आपल्या नकळत कोणीतरी काम करीत आहे, हे नक्की समजावे.

हा ‘कोणीतरी’ बहुधा चौघांपैकी एक असतो: उघडून विसरलेल्या पानांनी भरलेला ब्राउझर, विषाणू शोधणारा कार्यक्रम, विंडोजची नवी दुरुस्ती उतरवून घेणारी यंत्रणा, किंवा फायलींची सूची तयार करणारा शोधक. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. जुन्या यंत्रावर विंडोज 11 नव्याने घातले असेल, तर पहिले एक-दोन दिवस ही सूची करण्यात व दुरुस्त्या उतरविण्यात जातात आणि पंखा ओरडतो. तेवढ्यावरून यंत्र बिघडले असे मानू नये. रात्रभर चार्जरला लावून, झाकण उघडे ठेवून त्याला आपले काम संपवू द्यावे.

कोणी दोषी आढळला नाही, आकडाही लहान आहे, आणि तरी पंखा थांबत नाही, असे असेल तर यंत्र बसले आहे कोठे ते पाहावे. बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूने हवा आत घेतात. गादीवर, वाकळेवर अथवा मांडीवरील उशीवर ठेवलेल्या यंत्राचे नाक दाबलेले असते. त्याला पाट किंवा टेबल द्यावे; मागील कडेला बोटभर उंचीचे लाकूड सरकवले तर आणखी बरे. हा उपाय फुकटचा आहे.

वेगाला लगाम

यानंतर येतो तो मुख्य उपाय, आणि आमच्या मते सर्वांत गुणकारी. पंख्याला गप्प करण्याऐवजी प्रोसेसरची धाव आवरावी. यामागील गणित सोपे आहे. प्रोसेसर जी वीज खातो ती त्याच्या वेगाच्या प्रमाणात, तसेच त्याला मिळणाऱ्या विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. दोन्ही 20 टक्क्यांनी कमी केले, तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे थोडा वेग सोडला की पुष्कळ उष्णता वाचते. पत्र लिहिणाऱ्याला हा सोडलेला वेग जाणवतही नाही.

विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये वीज आणि बॅटरी यांचे जे पान आहे, तेथे ‘पॉवर मोड’ असतो. तो ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर असेल तर ‘बॅलन्स्ड’वर किंवा ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर आणावा. तेवढ्याने भागले नाही, तर जुन्या कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये प्रोसेसरच्या कमाल मर्यादेचा आकडा 100 टक्के असतो, तो 99 करावा. या एका टक्क्याने पुष्कळ यंत्रांत टर्बोची धाव बंद होते. काही यंत्रांत हा पर्याय दिसत नाही. तेथे उत्पादकाने स्वतः दिलेल्या कार्यक्रमात ‘शांत’ किंवा ‘क्वाएट’ अशी निवड बहुधा सापडते. मोठे काम निघाले, तर आकडा पूर्ववत करता येतो.

पंखा केव्हा सुरू व्हावा आणि केव्हा थांबावा, हे यंत्रातील एक वेगळी लहान चकती ठरविते. समजा, 55 अंशांवर पंखा सुरू होतो आणि 54 वर थांबतो. मग तो दिवसभर चालू-बंद होतच राहणार. सुरू होण्याचा व थांबण्याचा अंश यांत पुरेसे अंतर हवे. ही मांडणी उत्पादकाच्या हाती असते, आणि ती सदोष असल्यास ‘बायोस’च्या दुरुस्तीतून तो सुधारू शकतो. अशी दुरुस्ती घालताना चार्जर लावलेला असावा आणि बॅटरी भरलेली असावी. वाऱ्यापावसाने वीज जाण्याचा संभव असेल त्या संध्याकाळी हे काम काढू नये.

पंख्याचा वेग थोडा जरी उतरला तरी कानाला मोठा आराम मिळतो. वेग निम्मा झाला की आवाज सुमारे 15 डेसिबलने घटतो. दहा डेसिबलची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी भासते. आजीसाठी कानाला लावायचा, तोंडाजवळ माइक असलेला साधा संच घेतला, तर पलीकडच्यांनाही पंखा ऐकू येत नाही.

साफसफाई आणि धोक्याच्या खुणा

दोन-तीन वर्षे वापरलेले यंत्र एकदा उघडून पाती साफ करून घ्यावी. यंत्र बंद, चार्जर काढलेला आणि शक्य तर बॅटरीही सोडवलेली असावी. वारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो मोकळा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. सायकलच्या दुकानातील पंपाची हवा वापरू नये, तिच्यात पाण्याचे तुषार असू शकतात. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहणारा एक लेप असतो. तो वर्षांनी सुकतो. साफसफाईच्या वेळीच तो नवा लावून घ्यावा. बेळगावची एक खेप करायचीच असेल, तर ही दोन्ही कामे एकत्र सांगावी, आणि ‘मुख्य पट्टी बदला’ असा सल्ला मिळाल्यास आधी एवढे करून पाहण्याचा आग्रह धरावा.

काही लोक वैतागून पंखाच बंद पाडणारे कार्यक्रम घालतात. हे मात्र कदापि करू नये. ताप फार चढला, अनेक यंत्रांत 100 अंशांच्या आसपास, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून आपला जीव वाचवितो. पण शेजारच्या बॅटरीला तशी सोय नाही. सततच्या उष्णतेने ती लवकर म्हातारी होते. तळ फुगलेला दिसला किंवा कळफलकाखालील स्पर्शपट्टी वर उचललेली वाटली, तर यंत्र त्याच दिवशी वापरणे थांबवावे, चार्जर लावू नये, आणि बॅटरी जाणत्याकडून काढून घ्यावी. तसेच यंत्र हाताला चटका देत आहे आणि पंख्याचा आवाज मुळीच नाही, ही शांतता सर्वांत धोक्याची समजावी.

बिनपंख्याची यंत्रेही आहेत. ॲपलने नोव्हेंबर 2020 मध्ये आपल्या एम-1 प्रोसेसरचा मॅकबुक एअर पंख्याविना बाजारात आणला, आणि कमी विजेत चांगले काम होऊ शकते हे दाखवून दिले. परंतु केवळ घरघरीला कंटाळून चालते यंत्र टाकून देण्याचे कारण नाही. काय राबते आहे ते पाहणे, यंत्राला श्वास घेऊ देणे, वेगाला लगाम घालणे आणि शेवटी पाती साफ करणे, या चार पायऱ्या क्रमाने चढाव्या. पहिल्या तीन घरबसल्या, एका दुपारी, पैसा न खर्चता होतात. पुष्कळ घरांत चौथीची वेळच येत नाही.