गोकूच्या शेजारचा हवालदार

'जंप अल्टिमेट स्टार्स' हा निन्टेन्डो डीएसवरचा खेळ २३ नोव्हेंबर २००६ रोजी जपानात विक्रीला आला. जपानबाहेर तो अधिकृतपणे कधीच आला नाही. पण डीएसच्या खेळांना देशाचं कुलूप नव्हतं. जपानात घेतलेलं कार्ट्रिज कुठल्याही देशातल्या यंत्रात चालायचं. त्यामुळे हा खेळ आयात होऊन जगभर पोचला. चाहत्यांनी त्याच्या जपानी याद्यांचे इंग्रजी तक्ते केले आणि ते तक्ते शेजारी ठेवून लोक खेळले. माझ्याकडचं कार्ट्रिजही असंच आलेलं आहे. गेली कित्येक वर्षं मी त्यातल्या मारामारीपेक्षा त्याच्या खालच्या पडद्यात जास्त गुंतलो आहे.

डीएसला पडदे दोन, प्रत्येकी २५६ बाय १९२ बिंदूंचे. वरच्या पडद्यावर गोकू, लुफी, नारुतो एकमेकांना बडवत असतात. खालच्या पडद्यावर खेळाडूने स्वतः रचलेलं मांगाचं एक पान असतं: आडवी पाच आणि उभी चार, अशी २० घरं. त्या घरांत मूळ मांगातून उचललेल्या चौकटी बसवायच्या. एका घराची चौकट नुसती मदत करते. दोन-तीन घरांच्या चौकटीतलं पात्र बोटाने टेकलं की क्षणभर वर येऊन एक फटका मारून जातं. चार ते आठ घरांच्या चौकटीतलं पात्र मात्र स्वतः मैदानात उतरतं. चौकट जितकी मोठी, तितका तो वीर बलवान. पानावर तिन्ही प्रकारांतली निदान एकेक चौकट हवीच.

हिशेब करून पाहा. आठ-आठ घरांचे दोन महावीर घेतले की १६ घरं संपली. उरलेल्या चारांत बाकी सगळा संसार. त्याऐवजी चार-चार घरांचे तीन मध्यम गडी घेतले, तर मदतनिसांना आठ घरं मिळतात. शिवाय कोण कोणाला खेटून बसलं आहे यालाही किंमत आहे. योग्य जोडी शेजारी आली की ताकद वाढते. म्हणजे लढाई सुरू होण्याआधीच पानाची मांडणी करावी लागते. कोणाला किती जागा द्यायची, कोणाला वगळायचं, कोणाशेजारी कोण शोभेल, ही सगळी संपादकाची कामं खेळाडूच्या हातात येतात. मारामारीच्या खेळांत इतकी बुद्धिमान कल्पना मी दुसरी पाहिलेली नाही.

ही कल्पना फुकुओकातल्या गानबारियन या छोट्या कंपनीची. तिने आधी 'वन पीस'वर मारामारीचे खेळ केले होते. ८ ऑगस्ट २००५ रोजी तिचा 'जंप सुपर स्टार्स' आला, त्यात २७ मालिका होत्या. सव्वा वर्षाने आलेल्या दुसऱ्या खेळात ४१ मालिका, तीनशेहून अधिक पात्रं आणि त्यांतली ५६ प्रत्यक्ष लढणारी. ही सगळी 'शोनेन जंप' या एकाच साप्ताहिकातली.

'जंप'ची थोरवी वाचकांना नव्याने सांगायला नको. १९६८ मध्ये १ लाख ५ हजार प्रतींनी सुरू झालेलं हे नियतकालिक १९९४च्या अखेरीस ६५ लाख ३० हजारांवर गेलं. खेळ समजण्यासाठी त्याची एकच रीत ध्यानात ठेवायला हवी. प्रत्येक अंकात वाचकांसाठी एक कार्ड असतं. आवडलेल्या तीन मालिका त्यावर लिहून पाठवायच्या. ज्यांना मतं मिळत नाहीत, त्या मालिका काही आठवड्यांत बंद होतात. प्रतिस्पर्धी 'संडे' आणि 'मॅगझीन' ही साप्ताहिकं १९५९ पासूनची. उशिरा आलेल्या 'जंप'ला नामवंत चित्रकार मिळेनात, म्हणून त्याने नवख्यांवर भिस्त ठेवली आणि निवडीचं काम वाचकांवर सोपवलं. अंकातली जागा दर आठवड्याला कमवावी लागे. गानबारियनची २० घरं मला या रीतीचीच प्रतिकृती वाटतात.

त्या ५६ जणांच्या पंगतीत एक माणूस बसलेला आहे, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. जाड जुळलेल्या भुवया, दुमडलेल्या बाह्या, पायांत चपला. र्योत्सु कांकिची, टोकियोच्या कात्सुशिका भागातल्या कामेआरी चौकीचा हवालदार. त्याच्याकडे दैवी शक्ती नाही, तलवार नाही, सूड घेण्याजोगा भूतकाळ नाही. त्याला पैशांची हाव आहे, घोड्यांच्या शर्यतींचं वेड आहे, प्लॅस्टिकच्या मॉडेलांचा आणि व्हिडिओ गेमचा नाद आहे. दर भागात तो झटपट श्रीमंतीची एखादी योजना काढतो, ती जवळजवळ फळाला येते, मग कोसळते आणि त्याचे वरिष्ठ ओहारा साहेब हातात मिळेल ते घेऊन त्याच्या मागे धावतात. असा माणूस या खेळात गोकूसमोर उभा राहतो आणि जिंकूही शकतो. खेळात पात्रांच्या गुणांचे तीन वर्ग आहेत: बळ, बुद्धी आणि हसू. हसवण्याला बळाच्या बरोबरीचं स्थान देणारा हा नियम मला मनापासून पटतो. 'जंप'च्या अंकात वीरकथा आणि विनोदी मालिका एकाच पंगतीला बसत आल्या आहेत.

र्योत्सुचा जनक अकिमोतो ओसामु हा १९५२ साली कामेआरीतच जन्मलेला. तात्सुनोको या ॲनिमेशन कंपनीत काम करून तो मांगाकडे वळला. र्योत्सुच्या 'कोचिकामे' या मालिकेची पहिली कथा त्याने १९७६ मध्ये 'जंप'च्या नवोदितांसाठीच्या स्पर्धेला पाठवली, ती यामादोमे तात्सुहिको या टोपणनावाने. त्या काळी 'शोनेन चॅम्पियन' या प्रतिस्पर्धी साप्ताहिकात एका पोलिसवेड्या पोराची 'गाकी देका' ही विनोदी मालिका धुमाकूळ घालत होती. तिचा चित्रकार होता यामागामी तात्सुहिको. जपानी लिपीत दोन्ही नावांमध्ये फरक एका रेघेचा. 'कोचिकामे' मालिका म्हणून चालू लागली, टोपणनाव दर आठवड्याला छापून येऊ लागलं, आणि खऱ्या यामागामींनी आक्षेप घेतला. शंभराव्या भागापासून अकिमोतो स्वतःच्या नावाने लिहू लागला.

या भांडणात माझं मत यामागामींच्या बाजूने आहे. एक-दोन कथांपुरती ती थट्टा ठीक होती. सलग चालणाऱ्या मालिकेला ते नाव म्हणजे दुसऱ्याच्या कीर्तीवर बसणं झालं. पण अकिमोतोच्या बाजूने इतकं सांगायलाच हवं, की त्याने जे केलं त्याला तोड नाही. १९७६ ते २०१६ अशी ४० वर्षं, एकही आठवडा न चुकवता त्याने मालिका चालवली. १७ सप्टेंबर २०१६ रोजी ती संपली तेव्हा १,९६० भाग झाले होते आणि त्याच दिवशी २००वा खंड बाहेर पडला. सर्वाधिक खंडांच्या मांगाचा गिनीज विक्रम तिच्या नावावर लागला. २०२१ मध्ये 'गोल्गो १३' पुढे गेली. वाचकांच्या कार्डांनी भल्याभल्यांना घरी पाठवलं, हा हवालदार टिकला.

तो टिकला, कारण अकिमोतोने त्याच्याभोवतीचं टोकियो थांबू दिलं नाही. खेळण्यांची लाट आली, फॅमिकॉम हे गेमयंत्र आलं, मोबाइल आला, ड्रोन आलं. प्रत्येक नवी वस्तू र्योत्सुने हाताळली आणि तिच्यावर पैसे करायचा प्रयत्न केला. मालिकेत हिगुराशी नावाचा एक पोलीस आहे, तो चार वर्षं झोपतो आणि ऑलिंपिकच्या वर्षी एकदाच उठतो. अशी गंमत चाळीस वर्षं चालवायची, तर चित्रकाराचं आणि वाचकाचं कॅलेंडर एकच असावं लागतं. जपानी शहरी आयुष्याची इतकी सलग दैनंदिनी दुसऱ्या मांगात मला सापडलेली नाही. २००६ पासून कामेआरी स्टेशनाच्या परिसरात र्योत्सु मंडळींचे ब्राँझचे पुतळे उभे राहिले, आणि मार्च २०२५ मध्ये तिथे 'कोचिकामे'चं संग्रहालयही उघडलं.

अमेरिकी खेळाडूंसाठी हा अनोळखी भुवईवाला होता. आपल्याकडे तसं नव्हतं. 'कोचिकामे'ची ॲनिमे मालिका हंगामा वाहिनीवर हिंदीत दाखवली गेली आणि शाळेतून आल्यावर टीव्ही लावणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मुलांना र्योत्सु शिनचॅनइतकाच घरचा झाला. आज ती मुलं तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे कार्ट्रिज पडलं, तर एक अक्षर न वाचता ते त्याला ओळखतील. त्यासाठी कुठलाही तक्ता लागणार नाही.

मग हा खेळ बाहेर का आला नाही? निन्टेन्डोने याचं जाहीर कारण दिलेलं माझ्या वाचनात नाही, पण अडचण उघड दिसते. जपानात ही सगळी पात्रं शुएइशा या एका प्रकाशकाच्या छत्राखाली होती. अमेरिकेत मात्र त्या वेळी 'ड्रॅगन बॉल'चे खेळ अटारीकडे, 'यु-गी-ओ!'चे कोनामीकडे, 'नारुतो'चे आणखी तिसऱ्यांकडे, अशी वाटणी झालेली होती. आणि ४१ पैकी कित्येक मालिका तिथे पुस्तकरूपाने पोचल्याच नव्हत्या.

पुढचा इतिहास मला खटकतो. र्योत्सु हा 'जंप'च्या संमेलनी खेळांचा जुना मानकरी. १९८९च्या 'फॅमिकॉम जंप'मध्ये तो होता, १९९१च्या दुसऱ्या भागात होता, डीएसच्या दोन्ही खेळांत होता, २०१४च्या 'जे-स्टार्स व्हिक्टरी व्हीएस'मध्येही होता. मग २०१९ मध्ये 'जंप फोर्स' आला, सुरुवातीपासून जगभरच्या बाजारासाठी केलेला. त्यात चेहरे खऱ्या माणसांसारखे चकाकते, लढाया न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी आणि सगळे वीर गंभीर. र्योत्सु नाही, 'डॉ. स्लम्प'ची अरालेही नाही, हसूच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो डिजिटल दुकानांतून काढून टाकला गेला.

जगाला आवडेल ते ठेवू आणि गल्लीतलं गाळू, हा विचार मला मुळातच चुकीचा वाटतो. ज्या पात्रांना आधीच पासपोर्ट मिळालेला आहे, तेवढीच एकत्र केली तर त्यांची नुसती जाहिरात होते; नियतकालिकाचा स्वभाव त्यात उतरत नाही. 'जंप'चा स्वभाव त्याच्या अनुक्रमणिकेत आहे, जिथे विश्व वाचवणारा गोकू आणि उधारी बुडवणारा हवालदार वाचकाच्या एकाच कार्डावर मतं मागायचे. गानबारियनने तो स्वभाव ओळखला आणि २० घरांत बसवला. म्हणून ज्या देशांच्या बाजारात हा खेळ कधीही उतरला नाही, तिथेही तो आजवर खेळला जातो. ज्यांना मांगा आवडतो त्यांनी तो मिळवावा, तक्ते शोधावेत आणि पानावर चार घरं र्योत्सुला जरूर द्यावीत.