टोमॅटोच्या बांधणीचा दिवस

सकाळी ६.३० : नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या नाक्यावर मजुरांचा बाजार भरलाय. पेठ-हरसूलकडच्या जीपा येताहेत. एका मावशींच्या हातात डब्याची पिशवी. बोलणं दोन वाक्यांत संपतं: टोमॅटोची बांधणी, माणशी ३५० रुपये, शेतापर्यंतचं भाडं मालकाचं.

८.०० : पानं ओली आहेत. बांबू उभे, तारा ओढलेल्या. मावशींच्या कमरेला सुतळीचा गुंडा. शेंडा उचलायचा, बगलफूट खुडायची, तारेला गाठ मारायची. गाठ सैलच हवी. खोड पुढे जाड होतं, घट्ट सुतळी त्यात रुतते.

९.३० : मावशींची बोटं हिरवट-पिवळी झाली. मी शेंड्यावर भिंग धरतो. कोवळ्या खोडावर दाट लव. काही केस लांब, नुसते टोकदार. काहींच्या टोकाला चमकता ठिपका, ती ग्रंथी. आखूड देठावर चार पेशींचं डोकं, वर पातळ पापुद्रा. एवढं बघायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो. मावा किंवा पांढरी माशी धडकली की डोकं फुटतं. आतला रस हवेत काळवंडतो, घट्ट होतो, किड्याचे पाय जखडतो. टोमॅटोच्या पानांना येणारा उग्र वासही याच डोक्यांचा. झाडाच्या लेखी मावशींचं बोट म्हणजे भलामोठा किडा.

११.३० : मालक पिवळे चिकट सापळे टांगतोय. विकतचे. रानात हे काम झाड स्वतःच करतं: पेरू देशातल्या कोरड्या डोंगरांतला सोलॅनम पेनेली हा टोमॅटोचा रानटी भाऊबंद अंगभर चिकट असतो, मावा त्यावर टिकत नाही. त्याची फळं मात्र बारकी, हिरवी. बाजाराला लाल, मोठं फळ हवं. आपल्या वाणांत तो चिकटपणा फार थोडा उरलाय.

दुपारी १.०० : बोटं आता काळी. मी साबणाची वडी पुढे करतो.

“आधी साबण नको, दादा. नुसता पिवळा फेस येतो.”

गळून पडलेला कच्चा टोमॅटो मावशी तळहातावर चुरडतात, नखांपर्यंत चोळतात. आंबट रसानं काळं सुटतं. मग पाणी, मग साबण, मग नागलीची भाकरी. तसंच जेवलं तर घास कडू लागतो.

२.०० : पुन्हा सरी. पाच मिनिटांत हात पहिल्यासारखे.

५.३० : मजुरी रोख. हातमोजे का घालत नाही, मी विचारतो. “मोज्यात गाठ कळत नाही.” जीप उभीच आहे. ३५० रुपयांत साबणाचा पैसा वेगळा धरलेला नाही.