निर्देशिका सेवा अडते तेव्हा

मावळात पावसाळ्यात वीज जाणे नवीन नाही. वडगाव वा लोणावळा येथील एखाद्या कार्यालयात वीज परतते, संगणक सुरू होतात. परंतु कोणाचाच परवलीचा शब्द स्वीकारला जात नाही आणि दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ रिकाम्या हाती परततो. अशा वेळी दोष बहुधा निर्देशिका सेवेत असतो.

युनिक्स सर्व्हरांवर कर्मचाऱ्यांची नावे यंत्रागणिक न नोंदता एका मध्यवर्ती निर्देशिकेत ठेवता येतात. त्यासाठीची एलडॅप ही पद्धत १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात आकारास आली.

तपासणी क्रमाने व्हावी. प्रथम निर्देशिकेचा सर्व्हर जाळ्यावर सापडतो काय, हे पाहावे. नंतर यंत्राचे घड्याळ पाहावे; ते फार मागे पडले असल्यास सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र अवैध ठरू शकते. मग ‘गेटएंट’ या आज्ञेने एका कर्मचाऱ्याची नोंद मागावी. ती न मिळाल्यास नावे कोठे शोधावीत हे सांगणारी फाइल तपासावी; मिळूनही प्रवेश नाकारला गेल्यास परवलीचा शब्द पडताळणारी व्यवस्था तपासावी.

कारण सापडण्यापूर्वी सर्वांचे परवलीचे शब्द बदलू नयेत. प्रशासकाचे एक खाते मात्र प्रत्येक यंत्रातच नोंदलेले असावे. निर्देशिका बंद पडली तरी दुरुस्तीचे दार त्यामुळे उघडे राहते.