अश्वपूजनाआधी खरारा

विजयादशमीस शस्त्रांचे पूजन, वाहनास झेंडूची माळ आणि शमीस प्रदक्षिणा हा क्रम घरोघरी श्रद्धेने पाळला जातो. ज्यांच्या दारी अश्व आहे त्यांनी नवरात्रात त्याचेही पूजन करावे, असे धर्मग्रंथ सांगतात. उच्चैःश्रवा व रेवंत यांचे स्मरण त्या पूजेत असते. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघे परिसरात आता दारचा घोडा विरळाच. टांगे गेले, उरली ती वरातीची घोडी. दसऱ्यास तिच्या कपाळी कुंकू लागते, गळ्यात हार पडतो. आमची पृच्छा त्याच्या अलीकडची आहे. हार घालण्यापूर्वी खरारा झाला काय?

कीर्तनाच्या उत्तररंगात आम्ही द्रोणपर्वातील जयद्रथवधाचे आख्यान लावतो, तेव्हा श्रोत्यांना सूर्यास्ताची उत्कंठा असते. आमचे मन मात्र त्याआधीच्या प्रसंगापाशी थांबते. युद्धाचा १४वा दिवस, बाणांनी विद्ध झालेले, तहानेने व्याकूळ असे अर्जुनाचे ४ शुभ्र घोडे. प्रतिज्ञेची घटका सरत असताही भगवंतांनी ते रथापासून सोडविले. अर्जुन भूमीवर उभा राहून शत्रूस थोपवितो, बाणाने जलाशय निर्माण करतो. आणि श्रीकृष्ण आपल्या हातांनी घोड्यांच्या अंगातील शल्ये काढतात, त्यांचे अंग चोळतात, त्यांना पाणी पाजतात, चारा घालतात. मगच रथ पुन्हा जोडला जातो. जगन्नियंत्याने मोतद्दाराचे काम केले, ते रणांगणाच्या मध्यभागी! विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक होऊन राहिलेल्या नकुलासही या कामात कमीपणा वाटला नाही.

रुक्मिणीहरणासाठी भगवंत ज्या रथातून कौंडिण्यपुरास आले, त्याचे अश्व शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प व बलाहक. वर्धा नदीच्या काठचे हे कौंडिण्यपूर म्हणजे आमचे शेजारच. (मेघपुष्प आणि 'मेघे' हा केवळ कानाचा योग, त्यावर कोणी स्थलपुराण रचू नये.)

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळल्यावाचून आमचा शेतकरी झूल घालीत नाही. घोड्याच्या बाबतीत तीच रीत हवी. प्रथम खराऱ्याने गोल गोल घासून वाळलेला चिखल व मेलेले केस सैल करावेत. मात्र तोंड व पायांची हाडे यांवर लोखंडी दात्यांचा खरारा फिरवू नये, तेथे मऊ कापड पुरे. पुढे केसांच्या दिशेने ब्रश करावा. त्याने त्वचेतील नैसर्गिक तेल अंगभर पसरते, तीच खरी झळाळी. आयाळ बोटांनी सोडवून मग विंचरावी. शेपटीसाठी बाजूस उभे राहावे, मूठभर केस धरून टोकाकडून वर यावे. मुळापासून ओढले तर केस तुटतात आणि माश्या वारण्याचे जनावराचे साधनच जाते. खुरांतील खडे टाचेकडून पुढे काढावेत. खोगिराच्या जागी कण राहिला तर तेथे जखम होते, आणि वरच्या जरीच्या झुलीखाली ती कोणास दिसतही नाही.

पंढरीच्या वारीत रिंगण पुरे होताच माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. ज्याच्या पायधुळीस हा मान, त्याच्याच जातीच्या जनावराच्या डोळ्यांत मिरवणुकीत गुलाल उडावा, शेपटीस बाजारू रंग फासावा, हे आम्हांस रुचत नाही. कुंकू बोटभर लावावे, हार सैल असावा, आणि आरतीचे तबक नाकापासून दूर धरावे. नैवेद्याचे पेढे घरच्यांसाठी ठेवावेत. घोडीस स्वच्छ पाणी व हिरवे गवत द्यावे. संध्याकाळी हार उतरवून पुन्हा एकवार मानेवरून हात फिरवावा.